आधी परतीचा दोर

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज १० ची मुदत संपली. २९ जुलै २०१५ ला आलेली ही आवृत्ती दहा वर्षं घराघरांत, दुकानांत, शाळांत, बँकांत राबली. तिची मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? काहीच नाही. कॉम्प्युटर रोजच्यासारखे सुरू झाले, टॅली उघडलं, प्रिंटरने कुरकुरत कागद ओढला. त्यामुळे अनेकांनी त्या तारखेकडे काणाडोळा केला. ‘चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?’

हा प्रश्न आळशी माणसाचा आहे असं समजू नका. ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना पहिला प्रश्न हाच असायला हवा. अडचण एवढीच की ‘चालतंय’ याचा पुरावा पडद्यावर दिसतो, आणि ‘धोका आहे’ याचा दिसत नाही.

मुदत संपते म्हणजे नेमकं काय संपतं?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कोट्यवधी ओळींचा प्रोग्रॅम. माणसांनीच लिहिलेला, म्हणून त्यात चुका असणारच. त्यातल्या काही चुका निरुपद्रवी असतात. काही मात्र भिंतीला पडलेल्या भोकासारख्या असतात, बाहेरच्याला आत शिरायला वाट देणाऱ्या. अशी भोकं सापडत जातात तशी मायक्रोसॉफ्ट ती बुजवत जाते. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ही ठिगळं पाठवली जातात. १४ ऑक्टोबर २०२५ हाही असाच दुसरा मंगळवार होता. विंडोज १० साठी सर्वांना फुकट मिळणारं ते शेवटचं ठिगळ.

यानंतरचा धोका जरा आडवळणाने येतो. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा गाभा एकच आहे. त्यामुळे पुढे ११ मध्ये एखादं भोक सापडून बुजवलं गेलं, की त्या ठिगळाचा अभ्यास करून चोराला कळतं, तेच भोक १० मध्ये उघडं असण्याची शक्यता आहे. शेजाऱ्याने कुलूप बदललं की त्याच बनावटीचं तुमचं कुलूप कच्चं आहे हे जाहीर व्हावं, तसा हा प्रकार.

१२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये, म्हणजे दोन महिने आधीच दिलं होतं. बळी पडलेल्यांत मुदत संपलेल्या एक्सपीपेक्षा विंडोज ७ वाले कितीतरी जास्त होते, आणि विंडोज ७ ची मुदत तेव्हा शिल्लक होती. ठिगळ हाताशी होतं, पण लावलं गेलं नव्हतं. म्हणजे नवी आवृत्ती घेऊन तिचे अपडेट बंद करून बसणाऱ्याने पैसे आणि वेळ खर्चून जुनाच धोका विकत घेतला.

पर्याय चार, पैकी तुमचा कोणता?

पहिला पर्याय, त्याच यंत्रावर विंडोज ११. अधिकृत विंडोज १० असेल आणि यंत्र पात्र असेल, तर ही बढती फुकट आहे.

दुसरा, विंडोज १० ची वाढीव मुदत. घरगुती ग्राहकांसाठी ही योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर झाली. कॉम्प्युटरच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन करायला परवानगी दिली तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. यात नवी सोय काही मिळत नाही, फक्त सुरक्षेची ठिगळं मिळतात. विचार करायला मिळालेली सवलत एवढाच तिचा अर्थ घ्यावा.

तिसरा, लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेलं हे काम आज बहुतेक सर्व्हरांच्या आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. घरच्या कॉम्प्युटरसाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंट या त्याच्या आवृत्त्या सोप्या. मिंटची २२ वी आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत ठिगळं मिळणार आहेत. इंटरनेट, पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, युनिकोड मराठी एवढंच काम असेल, तर विंडोज ११ ने नाकारलेलं यंत्र मिंटवर आणखी काही वर्षं सुखाने चालतं. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, हार्ड डिस्कला न शिवता, ते आधी चाखून बघता येतं. परंतु टॅली किंवा डीटीपीची विंडोजसाठीची सॉफ्टवेअरं त्यावर थेट चालत नाहीत.

चौथा, नवा कॉम्प्युटर. दुकानदार हाच पर्याय आधी सुचवेल. तुम्ही तो शेवटी तपासा.

यंत्र पात्र आहे का?

विंडोज ११ आली ५ ऑक्टोबर २०२१ ला. तिच्या अटी आधीच्या कुठल्याही आवृत्तीपेक्षा कडक. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही अट सोपी. ४ जीबीवर ती चालेल, पण धापा टाकत. ८ जीबी असेल तरच विचार करावा. यंत्रं अडकतात ती दुसऱ्याच दोन अटींवर.

पहिली अट टीपीएम २.० या चिपची. गुप्त किल्ल्या सांभाळणारी ही छोटी तिजोरी. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद केला तर त्याची किल्ली डिस्कवर न ठेवता या तिजोरीत ठेवली जाते, म्हणून डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी चोराच्या हाती काही लागत नाही. तिच्या जोडीला सिक्युअर बूट लागतं. कॉम्प्युटर सुरू होताना सर्वांत आधी जो प्रोग्रॅम चालतो, त्यावरची सही ओळखीची आहे का हे ते तपासतं, म्हणजे विंडोज जागी होण्याआधीच कोणी आत दबा धरून बसू शकत नाही.

दुसरी अट प्रोसेसरची. इंटेलचा असेल तर मोजके अपवाद वगळता आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. पिढी कशी ओळखायची? आय-५ ७४०० अशा चार आकडी क्रमांकातला पहिला आकडा पिढी सांगतो. ७४०० म्हणजे सातवी, ८४०० म्हणजे आठवी. आठवी पिढी २०१७ मध्ये आली, पण जुना माल दुकानांत नंतरही विकला जात होता. तेव्हा बिलावरची तारीख बघू नका, क्रमांक बघा. एएमडीचा रायझन असेल तर साधारण २००० मालिकेपासून पुढचे चालतात.

मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा छोटा प्रोग्रॅम ही सगळी तपासणी करून देतो. तो ‘नाही’ म्हणाला तरी लगेच निराश होऊ नका. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद करून ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडतं. तिथलं बटण फिरवलं की काही वेळा काम होतं. मात्र दुकानात घाईघाईने ‘विंडोज मारून’ दिलेल्या यंत्रांत डिस्क जुन्या पद्धतीने विभागलेली असते. तशी डिस्क असताना बायोस नव्या पद्धतीवर, म्हणजे यूईएफआयवर टाकलं, तर कॉम्प्युटर सुरूच होत नाही. डिस्कचं रूपांतर करणारं साधन विंडोजमध्ये आहे, पण तिथे जाणकाराचा हात हवा.

अटी चुकवून विंडोज ११ घुसवण्याच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतातही. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आपण बदल करतोय तो त्या अपडेटसाठीच. मग ही युक्ती कोणाला फसवते?

आधी कामांची यादी, मग विंडोजची

यंत्र पात्र ठरलं तरी तुमचं काम पात्र आहे का, हा प्रश्न उरतो. एक कागद घ्या. या कॉम्प्युटरवर वर्षभरात जी जी कामं होतात ती सगळी लिहा, वर्षातून एकदाच होणारीही. जीएसटी किंवा टेंडर भरताना लागणारं डिजिटल सहीचं टोकन. बारा वर्षांपूर्वीचा, पण अजून ठणठणीत असलेला लेझर प्रिंटर. त्याच्यासाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हर कंपनीने काढला आहे का? जुन्या प्रोग्रॅमला लागणारं डोंगल चालेल का? हे प्रश्न इन्स्टॉल करण्याआधी सोडवले तर फोनवर पाच मिनिटांत सुटतात. नंतर सोडवायचे तर दिवस जातो.

इथे एक बारीक खाच आहे. विंडोज १० ही ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही रूपांत मिळत होती, विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. ३२ बिट विंडोजवर डॉसच्या जमान्यातले १६ बिट प्रोग्रॅम चालत, ६४ बिटवर ते चालत नाहीत, आणि ३२ बिट ड्रायव्हरही चालत नाहीत. एखाद्या संस्थेचा हिशेब अजून डॉसच्या फॉक्सप्रोत लिहिलेल्या जुन्या प्रोग्रॅमवर असेल, तर नवी विंडोज टाकली त्या दिवशी तो हिशेब थांबेल. शिवाय ३२ बिटवरून ११ वर थेट बढती मिळत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं.

मराठीत काम करणाऱ्यांची खाच तर आणखी खोल आहे. विंडोजला देवनागरी कळायला लागली ती विंडोज २००० पासून. त्याआधी, आणि डीटीपीच्या धंद्यात त्यानंतरही कितीतरी वर्षं, मराठी मजकूर साध्या फॉन्टात टाइप व्हायचा. त्या पद्धतीत कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं रोमनच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा वेश चढवतो. ‘क’ साठी संगणकाने जपून ठेवलेला असतो एखादा रोमन वर्ण किंवा चिन्ह. फॉन्ट आहे तोवर स्मरणिका, लग्नपत्रिका, दिवाळी अंक सगळं सुरेख दिसतं. फॉन्ट गेला की उरतो नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा.

आता हे फॉन्ट राहतात कुठे? सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या पोटात, फॉन्ट्स नावाच्या फोल्डरात. ‘फॉरमॅट मारा, डॉक्युमेंट्सची कॉपी घेतलीय’ असं म्हणणारा माणूस फाइली वाचवतो आणि त्या वाचायची किल्ली पुसून टाकतो. फाइल आहे, पण वाचता येत नाही. फॉन्टवेअर विकत घेतलेलं असेल तर त्याची मूळ सीडी, परवान्याचा क्रमांक आणि डोंगल हेही हाताशी ठेवा.

युनिकोडवाल्यांनाही छोटासा धक्का बसू शकतो. वर्षानुवर्षं सरकारी पत्रांत दिसणारा ‘मंगल’ फॉन्ट विंडोज १० पासून प्रत्येक यंत्रावर आपोआप येत नाही. तो देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या गठ्ठ्यात आहे, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन मागवावा लागतो. त्याच्याशिवाय मजकूर वाचता येतो, पण ओळी आणि पानं सरकतात. दहा पानी प्रस्ताव अकरा पानी होतो आणि सही भलत्याच पानावर जाते.

दोर

सिंहगडाची गोष्ट आपण शाळेत शिकलो. तानाजी पडला, मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने सांगितलं की परतीचे दोर कापले आहेत. लढाईत ते शौर्य ठरलं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत नेमकं उलट वागायचं. वर चढण्याआधी परतीचा दोर बांधायचा, तो आपलं वजन पेलतो का हे ओढून बघायचं, मग पहिलं पाऊल टाकायचं.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या दाराशी घडून गेला. जून २०१७ च्या अखेरीस न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल अचानक ठप्प झालं. ते चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची, आणि मर्स्कचे कॉम्प्युटर ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने गिळले होते. वॉनाक्रायने वापरलेलं भोक त्यानेही वापरलं, शिवाय इतर वाटाही. कंपनीचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. पुढच्या दहा दिवसांत मर्स्कने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले, असं तिच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं.

हे उभं करण्यासाठी एक गोष्ट लागत होती. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे आणि कोणाला काय परवानगी आहे, ही नोंद सांभाळणारे सर्व्हर. ते जगभर दीडशेच्या आसपास होते आणि एकमेकांच्या प्रती जपत होते. एक गेला तर दुसरा आहे, अशी योजना. पण सगळे एकाच जाळ्याला जोडलेले असल्याने सगळे एकदमच गेले. वाचला फक्त एक, घाना देशातला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. तिथलं इंटरनेट इतकं मंद की प्रत पाठवायला दिवस लागले असते. शेवटी एका माणसाने ती डिस्क विमानाने नायजेरियाला नेली, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती इंग्लंडला पोचली.

दीडशे प्रती होत्या. कामाला आली ती तारेपासून सुटलेली एकच. बॅकअपचा अर्थ यापेक्षा नेमका सांगता येणार नाही. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत हा बॅकअप नव्हे. कायम जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्कही पुरती भरवशाची नाही. कॉपी करा, तार काढा, तारीख लिहून कपाटात ठेवा.

काय काय घ्यायचं? डॉक्युमेंट्स तर घ्याच, पण डेस्कटॉपही घ्या, कारण आपल्याकडे अर्धं ऑफिस डेस्कटॉपवर राहतं. टॅलीचा डेटा त्याच्या स्वतंत्र फोल्डरात असतो, तो. फॉन्ट्सचा फोल्डर. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड. ईमेल कॉम्प्युटरवर उतरवत असाल तर त्याची फाइल. आणि दोर ओढून बघणं म्हणजे त्या डिस्कवरच्या चार-दोन फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहणं. न उघडलेला बॅकअप हा नुसता विश्वास असतो.

डिस्क कुलूपबंद असेल, म्हणजे बिटलॉकर चालू असेल, तर ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये हात घातल्यावर कॉम्प्युटर ती मागू शकतो, आणि ती तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असली तरी त्या खात्याचा पासवर्ड बंद कॉम्प्युटरातच असेल तर उपयोग नाही.

‘अपडेट करताना फाइली थोड्याच जातात?’ जातात. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या जागी हलवले होते, त्यांच्या जुन्या जागेतल्या फोल्डरला ते अडगळ समजलं आणि आतल्या फाइलींसकट पुसून गेलं. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते वाटप थांबवलं. तक्रारी दहा हजारांत एक एवढ्याच होत्या. पण त्या एकाचं सगळं गेलं होतं.

चढाई

आता प्रत्यक्ष काम. दोन रीती आहेत. एकीत जुन्या विंडोजच्या जागीच नवी बसते, फाइली आणि प्रोग्रॅम राहतात. दुसरीत डिस्क पुसून कोऱ्या पाटीवर नवी टाकायची. यंत्र नीट चालत असेल तर पहिली. हँग होत असेल, व्हायरसचा संशय असेल किंवा आधीची विंडोज कोणी कुठून आणली हेच माहीत नसेल तर दुसरी. दुसरीसाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल हवी. मित्राच्या मित्राने दिलेली ‘ॲक्टिव्हेटेड’ फाइल नको. तिच्या आत काय शिजवलेलं आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

पहिल्या रीतीत पडद्यामागे काय घडतं ते कळलं की धीर राहतो. आधी जुनी विंडोज चालू असतानाच नवीचं सामान उतरतं. मग कॉम्प्युटर बंद होऊन एका छोट्या, तात्पुरत्या विंडोजमध्ये सुरू होतो. ती जुन्या विंडोजला उचलून ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात ठेवते आणि रिकाम्या जागी नवी मांडते. पुन्हा सुरू झाल्यावर ड्रायव्हर लागतात, आणखी एकदा सुरू झाल्यावर तुमच्या फाइली आणि सेटिंग्ज आत आणल्या जातात. मध्येच काही बिनसलं तर बहुधा ती स्वतःच जुनी विंडोज परत जागी ठेवते. टक्केवारीचा आकडा एकाच जागी वीस मिनिटं थिजला म्हणून बटण दाबून बंद करणं ही सर्वांत मोठी घोडचूक. तेव्हा आत सामान हलत असतं.

म्हणूनच लॅपटॉप चार्जरला जोडा, डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा, आणि भारनियमनाची वेळ टाळा. घानात वीज गेली म्हणून एक कंपनी वाचली. तुमच्याकडे या तासाभरात ती जाणं परवडणारं नाही. बाहेरच्या डिस्क, पेन ड्राइव्ह, टोकन सगळं काढून ठेवा. मार्चअखेरीच्या किंवा रिटर्न भरायच्या आठवड्यात हे काम काढू नका. शनिवारी दुपारी सुरू करा, म्हणजे रविवार हाती राहतो.

पहिले दहा दिवस

नवी विंडोज सुरू झाली की लोक आधी वॉलपेपर बदलतात. तुम्ही आधी कामांचा तो कागद काढा. एकेक काम खरोखर करून बघा. डिजिटल सही उमटते का? बिल छापलं जातं का? जुनी मराठी फाइल उघडून छापा आणि जोडाक्षरं, रफार, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट आहे का ते कागदावर पाहा.

हे सगळं दहा दिवसांत उरका. जागीच बढती घेतली असेल तर जुन्या विंडोजवर परत जाण्याची सोय सेटिंग्जमध्ये तेवढेच दिवस असते. त्यानंतर ‘विंडोज डॉट ओल्ड’ पुसलं जातं. जागा मोकळी करायच्या उत्साहात ते फोल्डर स्वतःहून उडवू नका. काही जीबींच्या लोभापायी दोर कापला जातो.

आणि एखादं काम नव्या विंडोजवर होतच नसेल तर? डीटीपीच्या धंद्यातल्या लोकांनी याचं साधं उत्तर शोधलेलं आहे. नवा कॉम्प्युटर समोरच्या टेबलावर, रोजच्या कामाला. जुना कोपऱ्यात, त्याच्या सगळ्या फॉन्टांसह आणि डोंगलसह. त्याची इंटरनेटची तार काढलेली, वायफाय बंद. दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह त्याला लावायचा नाही. ठिगळं मिळत नसलेल्या यंत्राला बाहेरचं दारच ठेवलं नाही, की भोकांची भीती पुष्कळ कमी होते. वर्षातून दोन-तीनदाच तो सुरू होतो. एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक सुवर्णमहोत्सवासाठी वीस वर्षांपूर्वीची स्मरणिका मागायला येतात, आणि धूळ झटकून, पंख्याची घरघर ऐकत, त्या पडद्यावर पहिलं पान उघडतं. सगळी अक्षरं मराठीत.